हशा नेमका कुठे पिकला?

सप्रेम नमस्कार,

टीव्हीवरच्या एका साप्ताहिक विनोदी कार्यक्रमासाठी मी लिहिते. आम्ही चौघं लेखक आहोत. मागच्या महिन्यात मी एक स्किट लिहिलं. एका धर्मांध सशस्त्र संघटनेचं ‘ऑफिस’ आहे. धमकीचा व्हिडिओ काढायचाय, पण कॅमेऱ्यासमोर मधोमध कोण उभं राहणार यावरून भांडण. सगळ्यांनी मुखवटे घातल्यामुळे नंतर व्हिडिओत कोण कोणता हेच कळत नाही, म्हणून पुन्हा भांडण. म्होरक्या सगळ्यांना हौतात्म्याची थोरवी सांगतो आणि स्वतःची पाळी आली की त्याची पाठ धरते. मध्ये एक जागा अशी आहे की एक जण प्रार्थनेसाठी वाकतो आणि त्याचा स्फोटकांचा पट्टा सुटून खाली पडतो. वाचनात सगळ्यात मोठा हशा तिथे पिकला. निर्माते खूश होते.

वाचनाला आमच्या मेकअपच्या ताईही होत्या. स्किटमधले अतिरेकी ज्या धर्माचे, त्याच धर्माच्या त्या. मी त्या धर्माची नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, “छान लिहिलंस गं. मीही हसले. पण तो वाकतो ना, तशी माझी आई वाकते.” रागावल्या वगैरे नाहीत. एवढं बोलून गेल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. सहलेखक म्हणतो, “माघार घेतलीस तर ते जिंकले.” नवरा म्हणतो, “विषय संपले का जगातले?” टीव्हीवरच्या विनोदानं धर्मांधतेला हात घालावा का? आणि मी हे स्किट द्यावं का? शूटिंग तीन आठवड्यांवर आलंय.

— एक लेखिका

*

प्रिय लेखिका,

धर्म कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, आणि मीही तर्क लढवत बसलो नाही. देवाच्या नावानं शस्त्र उचलणारे कुठल्याच मोठ्या धर्माला चुकलेले नाहीत. पत्र वाचता वाचता ज्या वाचकांनी मनात एक धर्म पक्का करून टाकला असेल, त्यांनी तो का केला हे आपल्याशी एकदा विचारून पाहावं. असो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे फार वेळ लागणार नाही. हो, हात घालावा. दुसरा मात्र तुमच्या मेकअपच्या ताईंनी अवघड करून ठेवलाय, आणि बरं केलंय.

पहिल्याचं आधी. धर्मांध अतिरेकी भीतीवर जगतो हे सगळे सांगतात. तो तोऱ्यावरही जगतो, हे कमी लोक सांगतात. त्याचे व्हिडिओ आठवा. झेंडा, संथ संगीत, खालून वर धरलेला कॅमेरा, मोजून-मापून टाकलेली पावलं. हा माणूस तुमच्याच धंद्यातला आहे. त्यालाही प्रेक्षक हवेत. कुंपणावर बसलेलं एखादं पोर त्याच्याकडे ओढलं जातं ते बहुधा शास्त्रार्थ पटला म्हणून नाही, त्या दिमाखाला भुलून. दिमाखाला उत्तर म्हणून अग्रलेख लिहिले तर तो वाढतोच, कारण आपल्याला कुणीतरी गंभीरपणे घेतंय याचाच त्याला आनंद. फुग्याला टाचणी लावायचं काम विनोदाचं आहे. आणि टीव्ही घराघरात पोचतो, म्हणून ते टीव्हीनं करावं.

पण तुमच्या सहलेखकाला एक गोष्ट सांगायचीय, कारण तो मला जरा उतावळा वाटला.

जानेवारी २०००मध्ये येमेनच्या एडन बंदरात अल कायदाच्या लोकांनी एका अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला करायचं ठरवलं. स्फोटकांनी भरलेली छोटी बोट नौकेला नेऊन भिडवायची. त्यांनी बोट एवढी भरली की ती वजनानंच बुडाली. क्रिस मॉरिस या ब्रिटिश विनोदकारानं २०१०मध्ये आत्मघातकी हल्लेखोरांवर ‘फोर लायन्स’ हा विनोदी चित्रपट केला. त्यापूर्वी त्यानं काही वर्षं नुसत्या अभ्यासात घातली, तेव्हा हाती लागलेल्या किश्शांत हा बुडालेल्या बोटीचा किस्साही होता. हसू येतं ना? यावं. आता पुढचं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात तीच युक्ती दुसऱ्या अमेरिकी युद्धनौकेवर त्यांनी पुन्हा केली. या वेळी बोट बुडाली नाही. १७ नौसैनिक मेले.

जानेवारीतले वेंधळे आणि ऑक्टोबरमधले मारेकरी एकाच टोळीचे. स्किटमध्ये फक्त जानेवारी आला तर ते खोटं, आणि बातम्यांत फक्त ऑक्टोबर येतो म्हणून त्यांचा दरारा वाढतो. तुमच्या म्होरक्याची पाठ धरते ही जागा मला आवडली ती यासाठीच. तिथे तो हास्यास्पदही आहे आणि घातकीही आहे, कारण त्याच्याऐवजी आता दुसरं कुणाचं तरी पोर जाणार. ते हसू घशात जरा अडकतं. अडकू द्या.

आता हशाकडे येऊ.

अमेरिकेत डेव्ह शपेल नावाचा कृष्णवर्णीय विनोदवीर आहे. त्याचा टीव्ही कार्यक्रम २००३पासून तुफान चालला. पहिल्याच भागात त्यानं गोऱ्यांच्या वंशवादाची अशी सालं काढली की लोक चाट पडले. पुढे कोट्यवधी डॉलरचा करार झाला, आणि २००५मध्ये तो सगळं सोडून निघून गेला. का, ते त्यानं नंतर सांगितलं. वर्णभेदावरचंच एक स्किट चित्रित होत असताना सेटवरचा एक गोरा माणूस मोठ्यानं हसला, आणि ते हसणं शपेलला खटकलं. हा माझ्याबरोबर हसत नाहीये, मला हसतोय, असं त्याला वाटलं. हा विषय धर्माचा नाही हे मला कळतं. पण विनोद लिहिणाऱ्याला जो कान लागतो तो हाच. किती हसले हे कुणीही सांगेल. कशाला हसले, हे ऐकू यावं लागतं.

तुमच्या वाचनात सगळ्यात मोठा हशा पट्टा पडला तिथे पिकला. माणसं कशाला हसली असतील? पट्ट्याला थोडी हसली असतील. पण तो पट्टा भांडताना पडला असता, जेवताना पडला असता, कॅमेऱ्यासमोर छाती काढताना पडला असता. तुम्ही त्याला प्रार्थनेत पाडलंत. म्हणजे हशातला मोठा वाटा त्या वाकण्याला गेला. आणि ते वाकणं अतिरेक्याच्या मालकीचं नाही. धमकीचा व्हिडिओ त्याचा आहे, पोकळ भाषण त्याचं आहे, दुसऱ्याच्या पोरांना मरायला पाठवणं त्याचं आहे. वाकणं कोट्यवधी माणसांचं, त्यांत ताईंच्या आईचंही. अतिरेक्याचा सगळा दावा हाच असतो की या धर्माचा खरा वारस मी, बाकीचे सगळे कच्चे. प्रार्थना आणि पट्टा एका चौकटीत बसवून तुम्ही त्याचा दावा फुकटात मान्य करून टाकलात. त्याची खिल्ली उडवायला निघालात आणि त्याचीच जाहिरात झाली.

म्हणून ती जागा काढा. स्किट ठेवा.

थांबा, यातून भलता अर्थ काढू नका. कुणाची तरी भावना दुखावली म्हणून ओळ काढा, असं मी म्हणत नाहीये. भावना दुखावण्याला अंत नाही. उद्या म्होरक्याच्या पाठदुखीनंही कुणाच्या तरी भावना दुखावतील. ब्रिटनमध्ये २००५–०६च्या सुमाराला धार्मिक द्वेषाविरुद्ध कायदा येत होता. त्याच्या मसुद्यानं धर्मावरची थट्टाही गोत्यात येईल म्हणून रोवन अॅटकिन्सन, म्हणजे आपल्या सगळ्यांचे मिस्टर बीन, विरोधात उतरले. वरच्या सभागृहानं त्यात बोलण्याची मोकळीक राखणारी दुरुस्ती घातली. ३१ जानेवारी २००६ला ती खालच्या सभागृहात मतदानाला आली आणि सरकार २८३ विरुद्ध २८२ असं एका मतानं हरलं. पंतप्रधान टोनी ब्लेअर स्वतः त्या मतदानाला हजर नव्हते. (याच्यावर वेगळं स्किट होईल.) त्यामुळे त्या कायद्यात आज स्पष्ट लिहिलंय की धर्मावरची टीका, थट्टा, अगदी अपमानसुद्धा या कायद्यानं रोखला जाणार नाही. मी त्या एका मताच्या बाजूचा माणूस आहे. प्रार्थनेवर विनोद करण्याचं स्वातंत्र्य असायलाच हवं. ते स्वातंत्र्य असावं आणि तरी तुम्ही ही जागा काढावी, या दोन्ही गोष्टी मी एका दमात म्हणू शकतो. कायदा तुम्हाला पकडू शकत नाही म्हणून ओळ चांगली ठरत नाही.

आता ‘ते जिंकले’ या वाक्याचं काय करायचं?

‘साउथ पार्क’ या अमेरिकी कार्टून मालिकेत २००१मध्ये एका भागात प्रेषित मोहम्मदांचं पात्र दाखवलं होतं. फारसं कुणी लक्षही दिलं नाही. एप्रिल २०१०मध्ये त्याच मालिकेनं त्याच विषयाला पुन्हा हात घातला, तेव्हा एका गटानं इंटरनेटवर निर्मात्यांना मरणाची भीती घातली, आणि चॅनलनं पुढच्या भागातलं नावच नव्हे तर शेवटचं भाषणही ‘बीप’ करून टाकलं. गंमत अशी की ते भाषण भीतीपुढे झुकण्याबद्दलच होतं. ही माघार. इथे ते जिंकले, हे मला मान्य आहे. कारण ओळ कुणी काढली? बंदुकीच्या भीतीनं काढली.

तुम्हाला कुणी धमकावलेलं नाही. तुमच्याबरोबर काम करणाऱ्या, तुमच्या विनोदाला हसलेल्या बाईंनी जाता जाता एक वाक्य सांगितलं. त्याला संपादन म्हणतात, आणि चांगलं संपादन फुकट मिळणं दुर्मीळ. सहलेखकाला विचारा : जगात धमक्या देणारं कुणी नसतंच, तर ही जागा ठेवली असतीस का? मी विचारून पाहिलं. मी काढली असती.

घरच्या विरोधाबद्दल. “विषय संपले का” हा प्रश्न भित्रा वाटतो खरा, पण तुमच्या नवऱ्याला हसून सोडून देऊ नका. तुम्ही लेखिका आहात. तुमचं नाव श्रेयनामावलीत तीन सेकंद झळकतं आणि जातं. चेहरा नटाचा असतो. ७ जानेवारी २०१५ला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्यसाप्ताहिकावर हल्ला झाला आणि १२ जण मारले गेले. त्यांत सगळ्यात आधी गोळी लागली ती इमारतीच्या देखभालीचं काम करणाऱ्या एका कामगाराला. त्यानं आयुष्यात त्यांच्यासाठी एक रेघ ओढलेली नव्हती. तेव्हा स्किट चॅनलकडे जाण्याआधी त्यातल्या प्रत्येक नटाला वेगळं बसवून विचारा, आणि नाही म्हणणाऱ्याचं पुढचं काम जाणार नाही हे निर्मात्यांकडून आधी कबूल करून घ्या. धाडस दुसऱ्याच्या जिवावर करायचं नसतं. कायद्याचं चॅनलच्या वकिलाला विचारा, देशोदेशी तो वेगळा असतो आणि मी वकील नाही.

तुमच्या पत्रातलं “मी त्या धर्माची नाही” हे छोटं वाक्य मी दोनदा वाचलं. ते तुम्ही उगाच लिहिलेलं नाही.

सौदी अरेबियातला नासिर अल कसबी हा लोकप्रिय विनोदी नट. २०१५च्या रमझानमध्ये ‘सेल्फी’ या त्याच्या मालिकेत त्यानं इसिसवर भाग केले. त्यात इसिसमध्ये गेलेल्या मुलाला परत आणायला बाप जातो, आपणही सामील झाल्याचं नाटक करतो. त्याची फजिती हसवते, आणि शेवटी तोच मुलगा बापाच्या गळ्याला सुरी लावायला उभा राहतो. इसिसच्या पाठीराख्यांनी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. म्हणजे बाण लागला होता. इजिप्तमधला बासिम यूसुफ मूळचा हृदयशल्यविशारद. धर्माच्या नावानं सत्तेवर आलेल्यांची तो टीव्हीवर दर आठवड्याला टर उडवायचा. २०१३मध्ये त्याच्यावर इस्लामचा आणि राष्ट्राध्यक्षांचा अपमान केल्याचे आरोप झाले, चौकशी झाली. पुढे ते सरकार गेलं, लष्कराचं राज्य आलं आणि २०१४मध्ये त्याचा कार्यक्रमच बंद झाला. दाढीवाल्यांना आणि गणवेशवाल्यांना विनोदाचं वावडं सारखंच.

हे दोघं आपल्याच घरात उभे राहून बोलत होते. त्यामुळे कुठलं पात्र धर्माचं आणि कुठलं धर्मांधाचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. याउलट बीबीसी टूवर जानेवारी २०१७मध्ये इसिसमधल्या बायकांवर एक छोटं स्किट झालं. दोघी मैत्रिणी सारखाच आत्मघाती पट्टा घालून येतात आणि ओशाळतात, असा एकूण नूर. खूप जण हसले, त्यांत मुसलमानही होते. खूप जण संतापले. मला त्यातला विनोद सुचलेला आवडला, रोख आवडला नाही. इंटरनेटवरून फूस लावून नेलेल्या पोरी त्या उतरंडीत तळाला होत्या. त्यांना नेणारे वर बसले होते, आणि त्या स्किटमध्ये ते जवळजवळ नव्हतेच.

याचा अर्थ दुसऱ्याच्या धर्मातल्या कट्टरांवर लिहूच नये असा नाही. तसं केलं तर प्रत्येकानं आपापल्या अंगणात झाडू मारायचा आणि शेजारी आग लागली तरी बघत बसायचं. पण परक्या घरात शिरताना दिवा लागतो. त्यासाठी मी एक खटपट सुचवतो, आज रात्रीच करा. हेच स्किट तुमच्या स्वतःच्या धर्मातल्या कट्टरांवर लिहा. ऑफिस तेच, भांडण तेच, पाठदुखी तीच. आणि पट्टा पडण्याच्या जागी तुमची आई ज्या रीतीनं हात जोडते किंवा मान लववते, ती रीत घाला. लिहिताना हात कुठे अडखळतो बघा. जिथे अडखळणार नाही तेवढं दोन्हीकडे राहू द्या. मी धार्मिक माणूस नाही, पण आई डोळे मिटून पुटपुटत बसायची त्यावर कुणी विनोद केला असता तर मला तो आवडला नसता, आणि तिला फसवणाऱ्या बाबावर केला असता तर मी टाळी दिली असती. आणि हो, ती दुसरी संहिता फक्त सरावापुरती ठेवू नका. चांगली उतरली तर तीही चॅनलला द्या. निर्मात्यांचा चेहरा तेव्हा कसा होतो ते मला कळवा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुमचं सहा मिनिटांचं स्किट सहा मिनिटं कुणी बघणार नाही. १९७९मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटावर बीबीसीवर गाजलेली चर्चा झाली. एका बाजूला चमूतले जॉन क्लीज आणि मायकल पेलिन, दुसऱ्या बाजूला एक नामांकित पत्रकार आणि एक बिशप. चित्रपटानं ख्रिस्ताची विटंबना केली असा त्या दोघांचा आक्षेप. चित्रपटाचा नायक ब्रायन वेगळा आणि येशू वेगळा हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच स्वच्छ दाखवलंय. नंतर कळलं की हे दोघं चित्रपटाला उशिरा पोचले होते आणि सुरुवात त्यांनी पाहिलीच नव्हती! तेव्हा निदान उशिरा का होईना, ते थिएटरात गेले. आता वीस सेकंदांचा तुकडा फोनवर येतो, त्यावर मत होतं आणि माणूस पुढे जातो. तुमच्या स्किटमधून कुठला तुकडा कापून फिरवला जाईल, सांगा बरं? सगळ्यात मोठ्या हशाचाच. तो एकटा, मागचा-पुढचा संदर्भ नसताना, काय सांगेल? पाठदुखीचा तुकडा एकटा फिरला तरी तेच सांगतो जे पूर्ण स्किट सांगतं.

पट्ट्याची मला हळहळ वाटतेच, कारण वस्तू म्हणून तो उत्तम आहे. तो फेकू नका, हलवा. म्होरक्या पट्टा टेबलावर ठेवतो आणि विचारतो, हा मान कुणाला हवाय? मग सुरू होऊ दे “आधी तुम्ही”, “छे छे, तुम्ही ज्येष्ठ”, “तुमच्यासमोर मी कोण”. पट्टा टेबलावरून सगळ्यांच्या हातून फिरत फिरत म्होरक्याकडेच परत येतो आणि तिथून त्याची पाठ धरायला लागते. तुमच्याकडे याहून चांगलं सुचेल. माझे विनोद नेहमी पहिल्या मसुद्यापर्यंतच चालतात.

ताईंशी बोला. परवानगी मागायला जाऊ नका, त्या त्यांच्या धर्माच्या प्रवक्त्या नाहीत आणि ते ओझं त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. “तुमच्या वाक्यामुळे एक जागा बदलली” एवढंच सांगा. त्यांना बोलावंसं वाटलं तर त्या आपण होऊन बोलतील. कट्टर लोकांचा जाच पहिल्यांदा सोसतात ती त्यांच्याच धर्मातली साधी माणसं, तेव्हा त्यांच्यावरचे सगळ्यात जहरी विनोदही बहुधा त्याच घरांत, दार लावून केले जातात. एखादा कानावर पडला तर नशीब.

तीन आठवडे म्हणजे आणखी एका वाचनापुरता वेळ आहे. ताई येणार असतील तर येऊ देत. तुम्ही मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नका, पाठमोऱ्या बसा आणि खोलीतला हशा नुसता कानानं ऐका.